विलायतेचं वारं

काल दुपारी भांडी विसळताना बोटीचा भोंगा ऐकू आला आणि हातातली वाटी हातातच राहिली. पावसाळाभर आमचं बंदर मुकं असतं. वैशाख सरता सरता शेवटची आगबोट जाते, समुद्र खवळतो, आणि मग नारळी पौर्णिमा उलटून जाईपर्यंत मुंबईचं माणूस मुंबईला नि आमचं आमच्याकडे. भाद्रपदात पहिली बोट आली की अख्खं रत्नागिरी मांडवीच्या दिशेने मान वळवतं. ज्याचं कोणी यायचं नसतं तोसुद्धा वळवतो. आमच्या पडवीतून बंदर दिसत नाही. पण हे आरामखुर्चीत सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "आली. पण लाट अजून आहे. छोट्या मचव्यात उतरताना लोकांचे हाल होणार."

ह्यांना आता काहीच दिसत नाही. तरी वारा कुठला आहे, ओहोटी लागली की नाही, अंगणात आलेला माणूस कूळ आहे की अशील, हे ते ऐकून सांगतात आणि पुष्कळदा बरोबर सांगतात. चुकले की मी चुकलं म्हणून सांगते. आंधळ्याच्या बायकोने गोड बोलावं, असं शेजारपाजारच्या बायकांचं मत आहे. मला ते जमत नाही, आणि ह्यांना ते खपत नाही.

भाद्रपदातला तो भोंगा मात्र मला सुखाने ऐकता येत नाही. सात-आठ पावसाळ्यांपूर्वी अशाच पहिल्या बोटीने आम्ही दोघं विलायतेची सफर करून परत आलो होतो. लग्नकार्यात अजूनही एखादी नवी सून माझ्याजवळ सरकते नि विचारते, "काकू, विलायतेत काय काय पाहिलंत हो?" मी तिला राजवाडा सांगते, माणसांना उभ्याउभ्या वर नेणारे जिने सांगते, दूध वेगळं नि चहा वेगळा आणून देणाऱ्या बायका सांगते. तिचे डोळे मोठे होतात. खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात मी विलायत फारशी पाहिलीच नाही. मी ह्यांना पाहत होते.

ह्यांचा आजार मुंबईच्या डॉक्टरने आदल्या दिवाळीत सांगितला होता. काचबिंदू. समोरचं स्वच्छ दिसायचं, अगदी बारीक अक्षरसुद्धा. पण बाजूचं जग कोणीतरी कडेकडेने कुरतडत आणलं होतं. डावीकडून जास्त. मला समजावून सांगताना त्यांनी मुठीची नळी केली नि माझ्या डोळ्याला लावली. "एवढं. आणि हेही आवळत जाणार." त्या नळीतून मला चुलीवरचं दुधाचं पातेलं दिसलं, पण त्याच्या शेजारी दबा धरून बसलेलं मांजर दिसलं नाही. थेंब घालायचे आणि देवावर हवाला ठेवायचा, यापलीकडे इलाज नव्हता. घरात कोणाला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. वकिलाचे डोळे चालले हे कळल्यावर त्याच्या दारात अशील कशाला उभं राहील? समोरचा कागद वाचता येतोय तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची.

बॅरिस्टर व्हायला विलायतेला जायचं हा ह्यांचा तरुणपणचा ध्यास. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो मोडून काढला होता. समुद्र ओलांडायचा नाही म्हणजे नाही. मामंजींना मी पाहिलंच नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले. आमच्या बागा आहेत त्या गावी वहाळावर दोन ओंडके टाकून केलेला साकव आहे. ऐन पावसात त्यावरून पाय घसरला, एवढंच मला ठाऊक होतं. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे नि मीही कधी विचारलं नाही.

 तर आजार कळल्यावर माघात एकदा हे जेवताना म्हणाले, "विलायतेला जाऊन येतो म्हणतो. शिकायला नाही, नुसतं बघायला. जन्मभर पुस्तकात वाचली ती खेडी, आणि लंडन. आता नाही बघितलं तर..." पुढचं वाक्य त्यांनी भातात कालवलं.

सासूबाई ताक वाढत होत्या. आता भडका उडणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांचा ताक वाढणारा हात थांबला नाही. "जातोस तर हिला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "एकटा जायचं नाहीस." सोवळ्याओवळ्याची एवढी कडक बाई समुद्र ओलांडायला हो म्हणते, नि वर सुनेलाही धाडते! गावाला चघळायला विषय मिळाला. ह्यांना मूलबाळ नाही, तर निदान फिरून तरी येऊ देत, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं.  अंगणात आमसुलं वाळत घातली होती, सासूबाई ती उलटत बसल्या.

आता जरा चालण्याविषयी सांगते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपलं.

आमच्याकडे बाईने नवऱ्याच्या मागून चालायची रीत. देवळात, लग्नाला, बंदरावर, पुरुष पुढे नि बाई चार पावलं मागे. कोणी शिकवत नाही आणि कोणी विचारत नाही. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मी ह्यांचा चेहरा जितका पाहिला असेल त्याहून जास्त त्यांची पाठ पाहिली. कोटाची मधली शिवण, मानेवरचे पिकत चाललेले केस, डाव्या चपलेची झिजलेली टाच, सगळं मी डोळे मिटून सांगितलं असतं. आजार कळल्यावर मात्र तीच पाठ बघवेना. डावीकडून बैलगाडी यायची, ह्यांना पत्ता नसायचा. रस्त्यात नवऱ्याला मोठ्याने हाक मारणं बरं दिसत नाही, म्हणून मी खोकायची. आधी ह्यांना वाटलं मला सर्दी झालीय. मग आम्ही तीच खूण ठरवली: मी खोकले की थांबायचं. बाजाराच्या वाटेवरच्या वैद्यबुवांनी मला दोनदा अडुळशाचा काढा सुचवला.

मुंबईला मोठ्या बोटीत चढलो, तशी मी नऊवारी ट्रंकेत घातली नि पाचवारी नेसले. लंडनमध्ये पहिल्याच सकाळी रस्ता ओलांडताना मी सवयीने मागे राहिले. लाल मोटारगाड्या घरांएवढ्या उंच, आणि गलका असा की माझं खोकणं मलाच ऐकू येईना. अर्ध्या रस्त्यात पोचलो असू, डावीकडून एक सायकलवाला भरधाव आला. मी झेप घेतली आणि ह्यांचा दंड धरला. भर दिवसा, भर रस्त्यात. आधी धरला, मग आजूबाजूला पाहिलं; कोणी हसतंय का, कोणी बोट दाखवतंय का. कोणाला सवडच नव्हती. शेजारून एक म्हातारा नि म्हातारी हातात हात अडकवून चालले होते. त्यांच्यामागे एक तरुण जोडपं, तसंच. मी हात काढून घ्यायला गेले तर हे म्हणाले, "असू दे."

मला आनंद झाला. सांगायला लाज कशाला वाटून घेऊ? पुढे लंडनभर मी ह्यांच्या डाव्या अंगाने, त्यांच्या दंडात हात घालून चालले. पहिल्यांदा मला त्यांचा चालतानाचा चेहरा दिसला. विचार करताना ते खालचा ओठ चावतात, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन ठाऊक नव्हतं. जिथे सगळेच हात धरून चालतात तिथे कोण आंधळा होत चाललाय नि कोण लाडात आलाय हे कोणाला कळणार? ह्यांचा आजार लपायला त्याहून चांगली जागा नव्हती. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आठवायचं: ज्या दुखण्यापायी हे सुख मिळालं, ते दुखणं उतरावं म्हणून मी देवाला नवस बोललेली होते.

हट्ट करून मी ह्यांना तिथल्या एका नेत्रवैद्याकडेही नेलं. त्याने फार अदबीने तेच सांगितलं जे मुंबईवाल्याने तुटकपणे सांगितलं होतं. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "झालं समाधान? आता मला बघू दे."

आणि त्यांचं ते बघणं! कुठल्याही इमारतीसमोर उभे राहायचे आणि भिंतीला चुना देणारा माणूस कुंचला फिरवतो तशी मान फिरवायचे, वरून खाली, पुन्हा वरून खाली. त्यांना सगळं एकदम मिळत नव्हतं. तुकडा तुकडा गोळा करून मनात जोडावं लागायचं. रात्री खोलीवर आल्यावर डोळे मिटून ते मला दिवस सांगायचे. पुलावरच्या दिव्यांचा उजेड पिवळा, दुकानाच्या काचेतली बाहुली निळ्या झग्यातली, नदीचं पाणी शिशाच्या रंगाचं. "चुकलं तर सांग. खोटं हो म्हणशील तर मग माझ्यापाशी काहीच खरं उरायचं नाही." आमचा करार तिथला आहे. नदीच्या पाण्याचा रंग मी गढूळ म्हणून दुरुस्त केला. माझं माहेर संगमेश्वरचं, दोन नद्यांच्या मिळणीवर वाढलेली मी. मला ती नदी काही पसंत पडली नाही. एवढी मोठी नदी नि काठावर एक माणूस आंघोळ करेना.

मग आम्ही खेड्यात गेलो. हीच खरी ह्यांची विलायत. दुरून डोंगर साजरे असायचे, अशी मी मनाची तयारी करून ठेवली होती. पण गाव जवळूनही साजरं होतं. पिवळसर दगडाची घरं, गवताने जाड शाकारलेली छपरं, दारोदारी फुलं. मी पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "अहो, ही तर आपल्या कुळांची घरं. शाकारणी तेवढी बरी केलीय."

ह्यांना लागलं ते. "तुला कशात काव्य दिसेल तर शपथ."

"दिसेल की. आतल्या बाईला विचारा, पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं की कुठली भांडी खाली ठेवतेस. घरोघरी मातीच्या चुली."

ज्या बाईकडे आम्ही उतरलो होतो ती लढाईत नवरा गेलेली, एकटी. ती रोज आम्हाला उकडलेले बटाटे घालायची. एकदा मी तिच्या चुलीवर आमसुलाचं सार केलं नि तिला वाटीभर दिलं. तिने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि फार छान आहे म्हणून वाटी दूर सारली. तिथल्या पावसाचंही तसंच. येतो म्हणायचं नि यायचं नाही, गेलो म्हणायचं नि जायचं नाही. आषाढात घरी वहाळ कसे दुथडी भरून चालले असतील, या विचाराने मला तिथल्या भुरभुरीत चुकल्यासारखं व्हायचं.

शेतांतून चालायला लागलो तेव्हा मात्र आम्ही दोघंही थबकलो. शेताशेताला गडगे! चुन्यामातीशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले, थेट आमच्या आंब्याच्या बागांना असतात तसे. आमचे जांभ्याचे, तांबडे-काळे, त्यांचे पिवळे. हे जवळ गेले नि त्यांनी गडग्यावर तळहात ठेवला. उन्हाने दगड कोमट झाला होता. कितीतरी वेळ ते तसेच उभे. मग म्हणाले, "हा मला पुढेही दिसेल." मी तोंड वळवलं. लांब कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या, त्यांच्याकडे बघत राहिले.

काल भोंग्यानंतर मी ह्यांना विचारलं, "तिथला तो गडगा आठवतो?" म्हणाले, "कुठला, ज्याच्यावर हात ठेवला तो, की ज्याने गुडघा फोडला तो?" दोन्ही आठवतात. मलाही.

गुडघ्याचं असं झालं. एका संध्याकाळी उजेड कमी होत होता. शेताच्या कडेला कोट-टोपी घातलेला एक माणूस उभा होता. ह्यांनी आपली टोपी उचलली, चांगल्या इंग्रजीत त्याला शुभ संध्याकाळ चिंतली आणि थांबले. उत्तर येईना. तेव्हा हलकेच मला म्हणाले, "माणूस शिष्ट दिसतो." मी नीट पाहिलं, तर ते बुजगावणं! आमच्याकडे बुजगावण्याला फाटकी बंडी नि मडक्याचं डोकं. तिकडे साहेबी कोट. फसायला जागा होती. मला हसू फुटलं. पोट धरून हसले. "अहो, कावळे राखायला ठेवलंय त्याला!"

मग ह्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आटलं. त्यांनी माझा हात झटकला, तरातरा पुढे गेले, आणि डावीकडच्या गडग्यावर धडकले. गुडघ्यातून रक्त आलं. मी पदर फाडून पट्टी बांधायला वाकले, तर म्हणाले, "हस ना. रत्नागिरीत सगळे हसणारच आहेत. मला सवय होऊ दे."

"मी तुम्हाला नाही हसले."

"मांडवीला उतरलो की हा हात सोडायचा," ते म्हणाले. "इथे चालतं. तिथे वकिलाला बायको धरून नेते असं दिसलं, तर संध्याकाळच्या आत कोर्टात कळेल की ह्याला दिसत नाही. तू मागून चालायचं. नेहमीसारखं."

"आणि पडलात तर?"

"पडेन. माझे वडील नाही घसरले? लोकांनी पावसाला दोष दिला. त्यांना कोणी आंधळा म्हटलं नाही."

 त्या संध्याकाळपासून माझी सफर संपली. पुढेही आम्ही पुष्कळ हिंडलो, त्यांचं एक देऊळ पाहिलं, एक बाजार पाहिला, परतीच्या बोटीत एका रात्री डेकवर वाद्यं वाजत होती तीही ऐकली. हात ह्यांच्या दंडातच होता. पण तो आता उसना होता. हात धरून उतरले तर ह्यांची वकिली जाणार, न धरावा तर हेच जाणार. बोटीच्या कठड्याशी उभी राहून मी हे सारखं तोलत होते आणि पारडं कुठेच झुकत नव्हतं.

मुंबईला मी पुन्हा नऊवारी नेसले. तिथून पहिल्या बोटीने निघालो, आणि भाद्रपदातल्या एका सकाळी मांडवीच्या धक्क्याला मचवा लागला. अख्खा गाव लोटला होता. हार, नारळ, गलका. "हल्लू उतरा हां, वकीलसाहेब," खलाशी म्हणाला, "पायरीवर शेवाळ हाय." ह्यांनी माझ्याकडे न बघता हात सोडवून घेतला आणि पुढे झाले. मी मागे राहिले. पुन्हा ती पाठ, ती शिवण, ती टाच.

लोकांनी हार घातले, हे हसत नमस्कार करत पुढे चालले. समोरची माणसं त्यांना दिसत होती. डावीकडे नांगराचे दोर नि माशांच्या टोपल्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे धक्का संपत होता. खाली ओहोटीने उघडे पडलेले खडक. हे गर्दीला वाट देत देत डावीकडे सरकायला लागले. मी खोकले. पुन्हा खोकले. त्या गलक्यात कोण ऐकतं? त्यांचं पाऊल दोराला लागलं नि मी धावले. बांगड्या वाजवत, पदर सावरत धावले आणि सगळ्या रत्नागिरीसमोर त्यांचा दंड घट्ट धरला.

 "अगो बाई!" कोणीतरी म्हणालं. आणि मागून एक पुरुषी आवाज आला, "वकिलीणबाईंना विलायतेचं वारं लागलं रे!" सगळा धक्का हसला.

"सोड," हे दातांत बोलले.

पण त्या हसण्यातच मला वाट सापडली. लोक ह्यांना हसत नव्हते, मला हसत होते. मी मान वर केली आणि कोणी सांगितलं नसताना मोठ्याने म्हणाले, "तिकडे अशीच रीत आहे हो! मला आता मागून चालवत नाही." हशा दुप्पट झाला. मी माझ्या आयुष्यात इतकं आगाऊ वाक्य कधी बोलले नव्हते. ह्यांचा ओढ घेणारा हात सैल पडला. त्यांना उमगलं होतं. तेही चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करणार, ऐकत नाही." आणि आम्ही तसेच, हातात हात अडकवून, धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो.

तिथे बैलगाडीपाशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, ह्यांच्या पायांकडे पाहिलं, आणि गाडीत चढल्या.

त्यानंतर मी गावाची मडम झाले. हळदीकुंकवाला मी गेले की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. हे कोर्टात जायला निघाले की मी दारापर्यंत सोडायला जायची; नवऱ्याला घटकाभर सोडवत नाही हिला, असं म्हणायचे. म्हणू देत. माझ्या निर्लज्जपणाच्या आडोशाला ह्यांची वकिली पुढे कितीतरी दिवस चालली, आणि दिसायचं बंद झालं तोवर कागद ऐकून लक्षात ठेवायची कला त्यांनी कमावली होती. आज सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्याच बायका मला पतिव्रता म्हणतात. त्यांच्या या कौतुकापेक्षा तेव्हाची टिंगल मला जास्त उपयोगी पडली होती.

पण भोंगा ऐकला की मला आठवतो तो मांडवीचा धक्का नव्हे. आठवते ती त्यानंतरची एक सकाळ.

मांडवीपासून सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पान वाढायच्या, चूल सारवायच्या, पण शब्द नाही. मला वाटलं, हात धरला त्याचा राग. मग एकदा त्या ह्यांना म्हणाल्या, "सुखरूप आलात. गावच्या देवीची ओटी भरून येऊ. तिघंही." बैलगाडीने वहाळापर्यंत गेलो. पुढे पायी. भाद्रपदातलं पाणी, तांबडं, ओंडके वाहून नेईल असं. त्यावर तो साकव, ओला, एकाच माणसाच्या रुंदीचा, बाजूला धरायला काही नाही.

एकाच माणसाची वाट, म्हणून मी हात सोडला. रीतीप्रमाणे हे पुढे झाले, मी त्यांच्यामागे, माझ्यामागे सासूबाई. ह्यांनी साकवावर एक पाऊल ठेवलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण हे थांबले. सासूबाई पाण्याकडे बघत होत्या. "ह्याच्या वडलांना बाजूचं दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. माझ्याशीच बोलत होत्या. "दारातली घागर दिसायची नाही, पानातलं मीठ सापडायचं नाही. कोणापाशी बोलायचं नाही, असं बजावलंनी होतं मला. मी नाही बोलल्ये. हा जेवताना भांडं चाचपायला लागला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणून तर तुला धाडली."

ह्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते वळले. त्यांच्या त्या नळीत आईचा चेहरा सापडायला थोडा वेळ लागला. "पण ते तर घसरले होते. सगळे म्हणतात, घसरले."

"मीच सांगितलं तसं," सासूबाई म्हणाल्या. "इथंच मागं होत्ये मी. पाऊल बाहेर पडताना बघितलं. हात पुढे केला, तर नुसतं उपरणं आलं हाताला."

 ओटीचं ताट त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. मग माझ्या पाठीला हात लावला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला असा हात लावल्याचं मला आठवत नाही.

"मागून चालणारीला सगळं दिसतं गो," त्या म्हणाल्या. "पण हात पोचत नाही. तू पुढे हो. त्याचा हात खांद्यावर घे."

"पण देवीला जाताना बाईने पुढे..."

"वहाळाला रीत कळत नाही. हो पुढे."

मी पदर खोचला आणि पुढे झाले.